समुद्राखाली दिसलेला जीव नेमका कोणता? मालवणपासून थंड समुद्रापर्यंत, मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या मदतीने ओळखण्याची पूर्ण माहिती

कडेगावातून मालवणला ट्रिप निघाली की यादीत दोन गोष्टी हमखास असतात: सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा डायव्हिंग. डाईव्ह होते, व्हिडिओ मिळतो, स्टेटसला लागतो. खाली कुणीतरी विचारतं, "हा कुठला मासा रे?" आणि आपण लिहितो, "माहीत नाही, पण भारी होता."

हा लेख त्या "माहीत नाही"साठी आहे. पाण्याखाली जीव कसे शोधायचे, त्यांचा ओळखण्याजोगा फोटो कसा घ्यायचा, ॲप उत्तर कसं शोधतं आणि ते कधी चुकतं, हे आपण क्रमाने पाहू. शिक्षण किंवा नोकरीसाठी इंग्लंड, आयर्लंड, नॉर्वे, कॅनडा अशा थंड देशांत गेलेले आपल्याकडचे बरेच जण तिथे डायव्हिंग शिकतात. तिथलं पाणी आणि तिथले जीव वेगळे असतात, त्यामुळे थंड पाण्यासाठी सविस्तर भाग दिला आहे.

आधी हे समजून घ्या: पाण्याखाली डोळे फसतात

१. लाल रंग गायब होतो. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. साधारण ५ मीटर खाली गेलं की लाल रंग फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. १५ मीटरवर लालभडक मासा तपकिरी किंवा काळपट दिसतो. म्हणून नुसत्या रंगावरून ओळख ठरवू नका.

२. सगळं मोठं दिसतं. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना प्रकाश वाकतो. वस्तू सुमारे ३३ टक्के मोठी आणि २५ टक्के जवळ वाटते. "हाताएवढा मासा होता" असं सांगताना थोडं कमी करून सांगा.

३. दृश्यता बदलत राहते. मालवणच्या समुद्रात गाळ आणि प्लवक दोन्ही असतात. काही दिवस पाणी स्वच्छ असतं, तर काही दिवस चार-पाच मीटरवरचंही धूसर दिसतं. अशा वेळी लांबचा फोटो काढून उपयोग नाही. जवळ, पण हात न लावता, हा नियम.

मोबाईल पाण्यात न्यायचा का?

थोडक्यात उत्तर: नाही.

"माझा फोन आयपी ६८ आहे" हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण म्हणतोच. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. किती खोली आणि किती वेळ, ते कंपनी ठरवते. बऱ्याच फोनसाठी ते दीड मीटर आणि ३० मिनिटं असं असतं. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. त्यात खारं पाणी चार्जिंग पोर्टमध्ये गेलं की धातू गंजायला लागतो. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

दुसरी अडचण टचस्क्रीनची. तुमच्या बोटामुळे काचेवरच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल स्क्रीन ओळखते. चारी बाजूंनी खारं पाणी असलं की तिला बोट आणि पाणी यातला फरक कळत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये फोन नेला तरी खाली गेल्यावर बटण दाबलं जात नाही. पाऊच किनाऱ्यावरच्या लाटांसाठी ठीक आहे, डाईव्हसाठी नाही.

मग पर्याय? ॲक्शन कॅमेरा. गोप्रोची अलीकडची मॉडेल्स केसशिवाय १० मीटर आणि डाईव्ह केससह ६० मीटरपर्यंत चालतात. पहिल्या डाईव्हला तर कॅमेरा स्वतः घेऊच नका. श्वास, कानाचा दाब आणि तरंगणं सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं. इन्स्ट्रक्टर शूटिंग करतो, ते पुरेसं असतं.

फोटोपेक्षा महत्त्वाची गोष्ट: वेळ आणि ठिकाण

ओळख पटवण्यासाठी फोटोइतकंच महत्त्व तो कुठे आणि कधी काढला याला आहे. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरून जातात. म्हणून ही पद्धत वापरा:

- बोटीवर असताना फोनवरून एक साधा फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. जागेची नोंद झाली.
- पाण्यात जाण्याआधी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा फोटो घ्या, सेकंदासकट. कॅमेऱ्याची वेळ चुकीची असली तरी नंतर फरक काढून दुरुस्त करता येते.
- इन्स्ट्रक्टरकडून व्हिडिओ घेताना व्हॉट्सॲपवर साधा पाठवायला सांगू नका. व्हॉट्सॲप फाईल लहान करतं आणि आतली तारीख-वेळेची माहिती काढून टाकतं. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा किंवा केबलने मूळ फाईल कॉपी करून घ्या.
- व्हिडिओमधून स्क्रीनशॉट घेतला तर त्यावर स्क्रीनशॉटची तारीख पडते, डाईव्हची नाही. अपलोड करताना ती बदला.

ओळखायचं कसं? पाच प्रश्न विचारा

अनुभवी डायव्हर माशाचं नाव आधी आठवत बसत नाहीत. ते आधी कुटुंब ठरवतात, मग जात. तुम्हीही याच क्रमाने जा.

प्रश्न १: आकार कसा? ताटासारखा चपटा आणि उंच असेल तर बटरफ्लायफिश किंवा एंजलफिश. लांबट सापासारखा असेल तर ईल. जाड ओठांचा, दणकट आणि दगडाच्या कपारीत बसलेला असेल तर गोबरा, म्हणजे ग्रुपर. फुगणारा, गोलसर असेल तर केंड. जमिनीला चिकटलेला, लांब शेपटीचा असेल तर पाकट.

प्रश्न २: पट्टे उभे की आडवे? पाठीकडून पोटाकडे जाणारे ते उभे, तोंडाकडून शेपटीकडे जाणारे ते आडवे. मासा कसाही वळला तरी मोजायचं त्याच्या अंगावरून. पट्टे किती, हेही मोजा.

प्रश्न ३: तोंड आणि शेपटी कशी? पोपटाच्या चोचीसारखे दात असतील तर पॅरटफिश. शेपटी दुभंगलेली, गोल की चंद्रकोरीसारखी, ते बघा.

प्रश्न ४: काय करत होता? एकटा होता की थवा? दगड कुरतडत होता, वाळू उकरत होता की समुद्रफुलात लपला होता? वागणूक रंगापेक्षा जास्त भरवशाची असते.

प्रश्न ५: कुठे होता? वाळू, खडक, प्रवाळ की मधलं मोकळं पाणी?

एक नेहमीचा गोंधळ सोडवून टाकू: समुद्री साप की ईल? शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि अंगावर खवले दिसले तर साप. पाठीवरून शेपटीपर्यंत सलग पर दिसला आणि खवले दिसले नाहीत तर ईल. सापाला श्वासासाठी वर यावं लागतं, ईलला कल्ले असतात. सिंधुदुर्गच्या मच्छीमारांच्या जाळ्यात समुद्री साप सापडतात आणि त्यातले बरेच अतिशय विषारी असतात. त्यामुळे हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही.

रंगाचा आणखी एक फसवा प्रकार म्हणजे वयानुसार बदल. पॅरटफिशची पिल्लं, मादी आणि मोठा नर हे तीन वेगळे मासे वाटतात. त्यांच्या अनेक जातींमध्ये मादी पुढे नर होते आणि तिचा रंगही बदलतो.

ॲप नेमकं काय करतं?

तीन गोष्टी फोनमध्ये असू द्या.

सीक: अकाउंट लागत नाही. ओळखीचं मॉडेल फोनमध्येच असतं, त्यामुळे बोटीवर रेंज नसली तरी चालतं. सुरुवातीला हेच घ्या.

आयनॅचरलिस्ट: २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या विद्यार्थ्यांचा हा प्रोजेक्ट होता. आज जगभरातले लोक इथे नोंदी टाकतात. ॲप सुचवतं, पण शेवटी माणसं तपासतात. तारीख, जागा आणि फोटो असलेल्या नोंदीवर किमान दोन जणांचं, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं, जातीबद्दल एकमत झालं की तिला "रिसर्च ग्रेड" मिळतो. मग ती संशोधकांना वापरता येते.

फिशबेस: ही माशांच्या माहितीची वेबसाईट. ॲपने नाव सुचवलं की इथे जाऊन तो मासा आपल्या समुद्रात सापडतो का ते बघायचं.

आता आतलं गणित. मॉडेलला लाखो नाव दिलेले फोटो दाखवून शिकवलेलं असतं. नवा फोटो दिला की ते प्रत्येक माहीत असलेल्या जातीला गुण देतं आणि सगळ्यात जास्त गुणांची जात वर दाखवतं. इथेच दोन खाचा आहेत. एक: जी जात मॉडेलला शिकवलेलीच नाही, ती ते कधीच सांगणार नाही. त्याऐवजी दिसायला सगळ्यात जवळची जात सांगेल, आणि तीही आत्मविश्वासाने. दोन: जिथले फोटो जास्त, तिथल्या जाती पटकन ओळखल्या जातात. ज्या किनाऱ्यावरून नोंदी कमी येतात, तिथे चुका जास्त.

माझंच उदाहरण. मालवणच्या माझ्या पहिल्या डाईव्हच्या व्हिडिओत पिवळसर पाठीचा, काळ्या उभ्या पट्ट्यांचा मासा होता. साध्या फोटो-सर्चने उत्तर दिलं: सार्जंट मेजर. म्हटलं, काम झालं. नंतर कळलं की सार्जंट मेजर, म्हणजे अबुडेफडफ सॅक्सॅटिलिस, हा अटलांटिक महासागरातला मासा. आपल्याकडचा त्याचा भाऊ अबुडेफडफ व्हायजिएन्सिस, दिसायला जवळपास तसाच, त्यालाही पाचच पट्टे. शिवाय तिसरा एक आहे, बेंगाल सार्जंट. त्याचे पट्टे बारीक आणि सहसा सहा-सात. म्हणजे लोकेशन टाकल्यावर पहिला पर्याय बाद होतो, आणि पट्टे मोजल्यावर उरलेल्या दोघांतला कोणता ते कळतं. फोटो-सर्चला या दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या.

म्हणून खात्री नसेल तर आयनॅचरलिस्टवर जातीऐवजी कुटुंबाचं नाव टाका. "बटरफ्लायफिश कुटुंब" ही बरोबर नोंद आहे. चुकीची नेमकी जात ही चुकीचीच नोंद आहे.

थंड पाण्यात काय बदलतं?

मालवणचं पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस असतं. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ते उन्हाळ्यातही १५-१७ अंशांच्या आसपास आणि हिवाळ्यात एक अंकी होतं. आइसलँडमधल्या सिल्फ्रा भेगेत तर वर्षभर २ ते ४ अंश. ऑस्कर मिळालेली "माय ऑक्टोपस टीचर" ही फिल्म पाहिली असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या थंड पाण्याचं केल्पचं जंगल तुम्ही पाहिलेलंच आहे. केल्प म्हणजे उंच वाढणारं समुद्री शेवाळ.

थंड म्हणजे ओसाड, असं वाटतं. उलट आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. जिथे वारा वरचं पाणी बाजूला ढकलतो आणि खालचं पोषक पाणी वर येतं, तिथे प्लवक वाढतं आणि त्यावर सगळी साखळी जगते. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळ-कर्नाटकाकडे, हेच घडतं. पण प्लवक जास्त म्हणजे पाणी हिरवं आणि धूसर. त्यामुळे शोधायची पद्धत बदलते:

- हळू चला. उबदार प्रवाळावर मासे स्वतःहून समोर येतात. थंड पाण्यात बरेच जीव लहान, स्थिर आणि खडकाला चिकटलेले असतात. एकाच खडकासमोर पाच मिनिटं थांबलात तर पन्नास मीटर पोहण्यापेक्षा जास्त दिसेल.
- टॉर्च हवाच. हिरव्या पाण्यात खरा रंग टॉर्चनेच कळतो. प्रकाश सरळ समोरून न टाकता बाजूने टाका, नाहीतर पाण्यातले कण चमकून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.
- फिल्टर बदला. निळ्या पाण्यासाठी लाल फिल्टर, हिरव्या पाण्यासाठी मॅजेंटा.
- केल्पच्या पानांची मागची बाजू, कपारी आणि बुडालेल्या जहाजांच्या कडा बघा. रंगीत समुद्री गोगलगायी, म्हणजे न्यूडिब्रँक, आणि खेकडे तिथेच सापडतात.

काय दिसेल? ब्रिटन-नॉर्वेकडे समुद्रफुलांची दाट पांढरी-नारिंगी झाडी, "डेड मॅन्स फिंगर्स" नावाचं बोटांसारखं मऊ प्रवाळ, स्क्वाट लॉब्स्टर, कपारीतून डोकावणारा वुल्फफिश आणि लांब तंतूंची लायन्स मेन जेलीफिश. कुकू रासचा नर निळा-नारिंगी, मादी गुलाबी आणि पाठीवर तीन काळे ठिपके. इथेही मादीच पुढे नर होते. म्हणजे पॅरटफिशचा धडा थंड पाण्यातही लागू. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सीसर्च हा उपक्रम हौशी डायव्हरना जीव ओळखायला आणि नोंदवायला शिकवतो. तिथे राहत असाल तर तिथून सुरुवात करा.

आता यंत्र आणि शरीर. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढतं. बोटं बधिर झाली की कॅमेऱ्याची लहान बटणं दाबता येत नाहीत, म्हणून सगळं सेटिंग किनाऱ्यावरच करून व्हिडिओ मोड लावून उतरा. लिथियम बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, त्यामुळे ती पूर्ण चार्ज करा आणि डाईव्हपर्यंत जॅकेटच्या आत ठेवा. उबदार खोलीत बंद केलेल्या कॅमेरा केसमध्ये दमट हवा अडकते. थंड पाण्यात गेलं की तिचं दव काचेवर जमतं आणि सगळे फोटो धुरकट येतात. केस कोरड्या जागी बंद करा आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

ड्रायसूट वापरायला वेगळं प्रशिक्षण लागतं. १० अंशांखाली साधा रेग्युलेटर गोठून सतत हवा सोडत राहू शकतो, म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेलाच लागतो. मालवणला एकदा डाईव्ह केली या भरवशावर तिकडे थेट उतरू नका. आणि थंडी वाजायला लागली की फोटो अर्धवट सोडून वर या. मासा पुन्हा दिसेल.

ओळख पटेपर्यंत आणि पटल्यानंतरही: हात लावू नका

लायनफिश, स्टोनफिश, काटेरी सी अर्चिन आणि सुंदर नक्षीचे कोन शंख यांचा दंश वेदनादायी, काही वेळा जीवघेणा असतो. स्टोनफिश तर दगडासारखाच दिसतो.

दुसरं कारण कायद्याचं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणणं हा गुन्हा आहे.

तिसरं, बिस्किट-पाव. मी गेलो होतो तेव्हा आमच्यासमोर माशांना खाऊ टाकला गेला आणि क्षणात पन्नास सार्जंट जमले. व्हिडिओ भारी आला, पण त्यात एकच जातीचा मासा. लाजाळू जीव लांब गेले. पाव हे माशांचं अन्न नाही. बुकिंग करतानाच "खाऊ टाकू नका" असं सांगा. ग्राहक मागतात म्हणून टाकतात. ग्राहक नको म्हणाले की बंद होईल.

समुद्र नाही, तर सराव कुठे?

कडेगावात बसूनही सराव होतो. येरळेच्या किंवा टेंभूच्या पाण्यातून बाजारात आलेला मासा घ्या. त्याचे पर, शेपटी, खवले बघा आणि पाच प्रश्न विचारा. सागरेश्वर अभयारण्यात सीक उघडून पक्षी-फुलपाखरं ओळखा. ॲप कधी चुकतं ते तिथेच कळेल. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, हा आपला फायदा. पण स्कूबात दम रोखून धरायचा नसतो, ही विहिरीतली सवय मोडावी लागते.

मुंबईत असाल तर ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मरीन लाईफ ऑफ मुंबई या उपक्रमाने शहराच्या किनाऱ्यावरचे शेकडो जीव आयनॅचरलिस्टवर नोंदवले आहेत. त्यासाठी ना सिलेंडर लागतो, ना बोट.

नेहमीचे प्रश्न

पोहता येत नाही, डाईव्ह होईल का?
इन्स्ट्रक्टर धरून नेतो तशी पहिली ओळख-डाईव्ह होते. स्वतंत्र डायव्हिंगचा कोर्स करायचा तर पोहता आलंच पाहिजे. दमा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, फॉर्मवर लपवू नका.

डाईव्ह करून लगेच घाट चढावा का?
खोल डाईव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका साध्या डाईव्हनंतर विमानप्रवासाआधी किमान १२ तास थांबा असं सांगतात, आणि हा नियम ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरतात. आंबोली ६९० मीटरवर आहे. उथळ ओळख-डाईव्हला धोका कमी असतो. तरी डाईव्ह पहिल्या दिवशी ठेवा, रात्री मालवणात राहा आणि इन्स्ट्रक्टरला विचारूनच निघा.

पावसाळ्यात जाता येतं का?
नाही. समुद्र खवळलेला असतो आणि मालवणचं डायव्हिंग बंद असतं.

मराठी नावं ॲपवर आहेत का?
काही आहेत, बरीच नाहीत. आयनॅचरलिस्टवर कुठल्याही भाषेतलं स्थानिक नाव जोडता येतं. ही जागा आपली आहे. मालवणच्या बंदरावर मासे उतरवणाऱ्या काकांना फोटो दाखवा आणि नाव विचारा. जे मॉडेलला माहीत नाही, ते त्यांना माहीत असतं. ते नाव, जागा आणि तारीख टाकून नोंद करा. पुढच्या वेळी कुणीतरी "हा कुठला मासा रे?" विचारेल, तेव्हा उत्तर मराठीत मिळेल.